अकरा वाजता कुलूप

“मॅडम, आत्ता सकाळचे अकरा वाजलेत आणि तुम्ही इथे आहात. मग तुमचं घर रिकामं धरायचं का?”

प्रश्न विचारून भिंगरी खाली बसली नाही. पैजच तशी लागली होती: उत्तर मिळेपर्यंत उभं राहायचं. मागच्या रांगेतल्या मैत्रिणी तोंडावर हात दाबून हसू आवरत होत्या. नववीचा अख्खा वर्ग शहरविकास आणि गृहनिर्माण संशोधन संस्थेच्या सभागृहात बसला होता, आणि गेला अर्धा तास संचालकबाई भिंतीवर रंगीबेरंगी नकाशे दाखवत होत्या.

बाई हसल्या. “हुशार आहेस हं! पण घरं मोजतो तो सर्वेक्षण विभाग. विभागप्रमुख ते काय, तिथे बसलेत. त्यांना विचार.”

विभागप्रमुख म्हणजे भिंगरीचे बाबा. सगळा वर्ग “ओऽऽ” करून ओरडला. बाबांनी चष्मा काढला आणि पुसायला घेतला. चष्मा लख्ख होता.

पैज गमतीची असली तरी प्रश्न गमतीचा नव्हता. भिंगरीची जिवलग मैत्रीण शिडी नाल्याकाठच्या वस्तीत राहायची. (उंचीमुळे शिडी. पंखा पुसायला तिला स्टूल लागत नसे.) ती वस्ती पाडून तिथे इमारती होणार होत्या, आणि कोणाला घर मिळणार ते संस्थेच्या यादीवरून ठरणार होतं. संस्थेची माणसं प्रत्येक दारी दोनदा गेली. दोन्ही वेळा कुलूप दिसलं की ‘घर वापरात नाही’ या चौकटीत खूण. पण दोन्ही फेऱ्या कामाच्या दिवशी, सकाळी अकराला! त्या वेळी शिडीची आई लॉन्ड्रीत इस्त्री करत होती, वडील बस डेपोत आणि शिडी गणिताच्या तासाला. झालं, जितीजागती तीन माणसं कागदावर शून्य. दोनशे बारा घरांपैकी एकेचाळीस घरं अशी शून्यात गेली होती. हरकत घ्यायला शुक्रवारपर्यंत मुदत, शनिवारी सगळ्यांसाठी खुली सुनावणी, आणि मग यादी पक्की.

वर्ग गेल्यावर बाबांनी लेकीला आपल्या खोलीत नेलं.

“सगळ्यांसमोर कशाला? घरी विचारायचं होतंस.”

“घरी विचारलं होतं. तुम्ही म्हणालात, ‘जेव आधी.’”

बाबांनी हरकतीचा अर्ज पुढे सरकवला. “हा भरा. दोन शेजाऱ्यांच्या सह्या घ्या. नियमाप्रमाणे काम होईल.”

भिंगरी अर्ज घेऊन उड्या मारतच निघाली. तिला वाटलं, घोडं गंगेत न्हालं.

कसलं न्हातंय! खिडकीतल्या कारकूनकाकांनी सह्या पाहिल्या, यादीवर बोट फिरवलं आणि अर्ज परत केला. “हे साक्षीदार चालत नाहीत. यांची घरं वापरात नाहीत.”

“अहो काका, हे वॉचमन आहेत! आणि या ताई शिवणकारखान्यात जातात! दिवसा कुलूपच असणार ना?”

“तेच म्हणतोय मी. कुलूप. ज्याच्या घरी माणूस सापडला, त्याचीच साक्ष.”

शिडीच्या गल्लीत दिवसा दार उघडं असलेलं घर एकच. तिथल्या आजोबांना कमी ऐकू यायचं, आणि ते गेल्याच महिन्यात लेकाकडे राहायला आले होते. भिंगरीने त्यांच्या कानाशी तीनदा ओरडून सांगितलं. आजोबांनी प्रेमाने सही दिली आणि विचारलं, “तू वीजवाल्यांची का गं?”

“एकच साक्षीदार?” बुधवारी कारकूनकाका म्हणाले. “दोन लागतात.”

गुरुवारी खिडकी बंद. काका प्रशिक्षणाला गेले होते, आणि बदली माणसाला किल्ली कुठे ठेवतात ते माहीत नव्हतं. भिंगरीला वाटलं, त्या खिडकीवर डोकं आपटावं. काकांचं, स्वतःचं नाही.

“सोड गं,” पायरीवर बसत शिडी म्हणाली. “आम्ही शून्य तर शून्य. शून्याला परीक्षा तरी नसेल.” हसता हसता तिने तोंड फिरवलं, आणि मग बराच वेळ ती बुटाची नाडीच बांधत बसली.

त्या संध्याकाळी भिंगरी जेवायला बसली ती ताटाकडे न बघताच.

“बाबा, संध्याकाळी सातला का नाही गेलात तुम्ही लोक? एकच फेरी. सगळी घरी असतात.”

“पाचनंतर संस्थेची गाडी मिळत नाही.”

“चालत दहा मिनिटांवर आहे ती वस्ती!”

“अगं, मला कळत नाही का?” बाबांचा आवाज चढला आणि तसाच उतरला. “मी लिहून दिलं होतं. संध्याकाळची फेरी करा, नाहीतर आकडे खोटे येतील. वरून उत्तर आलं, वेळ नाही. पत्राची प्रत आहे माझ्याकडे.”

आईने वाढता वाढता हात थांबवला. “आणि तरी अहवालावर सही केलीत?”

“विभागप्रमुखाची सही लागते. मी नसती केली तर दुसऱ्या कोणी केली असती. आणि आता बोललो तर उद्या मला खुर्चीतून उठवतील. तुम्हा दोघींना वाटतं तितकं सोपं नाही ते.”

भिंगरीला एकदम रडू आलं आणि त्याचाच तिला भयंकर राग आला. बाबांना सगळं आधीपासून माहीत होतं. ती खिडकीपाशी ताटकळत होती, आजोबांच्या कानात ओरडत होती, तेव्हा ते पत्र बाबांच्या कपाटात होतं.

ती उठून उभी राहिली.

“परवाच्या सुनावणीत मी बोलणार आहे,” ती म्हणाली. “एकेचाळीस घरांबद्दल, आणि तुमच्या पत्राबद्दलही. पत्र घेऊन यायचं की नाही ते तुम्ही ठरवा, बाबा. माझं ठरलंय.”