नऊ नंबरची अदलाबदल

फेब्रुवारीतल्या एका शुक्रवारी दोह्यातल्या अल मुंतझा भागात सबनीसांच्या घरी मसालेभाताचा वास सुटला होता. नीताने सकाळीच डोक्यावरून पाणी घेतले होते, मटकीची उसळ केली होती, आणि जेवायला कोण येणार हे नवऱ्याला दोनदा विचारून घेतले होते. प्रताप सबनीस मूळचा नाशिकचा. विश्वचषकाच्या बांधकामाची कामे घेणाऱ्या एका कंत्राटी कंपनीत तो कामगारांचा मॅनेजर होता. पाहुणा होता दोह्याजवळच्या मेसईद गावातल्या दुसऱ्या कंत्राटदाराचा मॅनेजर.

दोन्ही कंपन्यांचे कामगारांचे फुटबॉल संघ होते. कंपन्या कंपन्यांची मोठी स्पर्धा भरायची, परदेशी पत्रकार फोटो काढायचे, आणि कामगार किती सुखात आहेत हे जगाला दिसायचे. त्यामुळे चषक जिंकणे ही मालकांच्या इभ्रतीची गोष्ट झाली होती.

नीता वाढत असताना पाहुणा म्हणाला की तुमचा नऊ नंबर आम्हाला द्या, आमचा गोलकीपर तुम्ही घ्या. प्रतापने घास गिळला आणि सांगितले की गोलकीपर एकटा नको, वर एक क्रेन ऑपरेटरही द्या. थोडी घासाघीस झाली. पाहुण्याने कबूल केले, मालकांच्या सह्या रविवारपर्यंत होतील असे ठरले, आणि मग दोघांनी मसालेभात पुन्हा मागितला. नीताने वाढला.

पाहुणा गेल्यावर तिने विचारले की नऊ नंबर म्हणजे कोण. प्रताप म्हणाला, धनाजी.

धनाजीला ती ओळखत होती. गणपतीत इथल्या मराठी मंडळाचे मखर बांधायला तो आला होता आणि तिच्या स्वयंपाकघरात बसून जेवला होता. कोल्हापूरच्या एका तालमीच्या फुटबॉल संघातून खेळणाऱ्या या पोराला प्रतापनेच मैदानावर हेरले होते. त्याच्या आईला, हौसाबाईंना, प्रताप म्हणाला होता की तिकडे खेळण्याचाच पगार मिळेल. कागदावर मात्र ‘मचाण कामगार’ लिहिले होते. धनाजी दहा तास लोखंडी पायपांवर चढायचा आणि उतरल्यावर सरावाला जायचा. त्याचा करार मार्चअखेर संपत होता. मुलगी जन्मली तेव्हा तो इथे होता. ती आता दोन वर्षांची झाली होती आणि त्याने तिला फक्त फोनवर पाहिले होते. नव्या कंपनीत गेला की नवा करार होणार होता, आणखी दोन वर्षांचा.

“त्याला विचारलंत का?” नीताने विचारले.

“त्याला काय विचारायचंय?” प्रताप म्हणाला आणि पडायला गेला.

रविवारी सकाळी मेसईदची बस कामगारांच्या वस्तीवर आली. धनाजी बसमध्ये चढला नाही. प्रताप स्वतः तिथे गेला, आधी गोड बोलला, मग आवाज चढवला. धनाजी खाटेवर मांडी घालून बसला होता.

“सायेब, मी खेळायला आलोय, इकला जायला न्हाई,” तो म्हणाला. “पोरगी अजून डोळ्यानं बगितली न्हाई. करार संपला की मी घरला जाणार.”

त्याच सकाळी मेसईदमध्येही तसेच घडले. घानाचा इब्राहीम, म्हणजे बदल्यात येणारा गोलकीपर, तोही हजर व्हायला तयार नव्हता. त्याचा धाकटा भाऊ त्याच वस्तीत आजारी होता. दोघे खेळाडू एकमेकांना फक्त मैदानावर भेटलेले. पण त्या दिवशी मोडक्यातोडक्या हिंदी-इंग्रजीत त्यांचे फोनवर बोलणे झाले आणि दोघांनी ठरवले की हलायचे नाही.

तिसऱ्या दिवशी प्रतापने धनाजीचे मेसमधले जेवण बंद केले आणि तो कामावरून फरार असल्याचा, सरकारकडे द्यायचा अर्ज तयार करायला घेतला. फरार माणूस त्याच खाटेवर बसलेला सगळ्या वस्तीला दिसत होता. शेजारचे आपल्या ताटातली चपाती त्याला देत होते.

बुधवारी प्रताप घरी आला तो एक मोठी काळी बॅग घेऊन. उद्या वस्तीच्या तपासणीला सरकारी अधिकारी येणार आहेत, दोन दिवस हे इथे राहू दे, असे सांगून त्याने ती कपाटात नीताच्या साड्यांखाली सरकवली. तो अंघोळीला गेल्यावर नीताने बॅग उघडली. आत कामगारांचे पासपोर्ट होते. रबराने बांधलेले, वीस-वीसचे गठ्ठे. असे ठेवायला कायद्याने मनाई होती, म्हणून तर ते तिच्या पैठणीखाली आले होते. चौथ्या गठ्ठ्यात धनाजी सापडला. फोटोसाठी केस पाण्याने चापून बसवलेले. तिने तो पासपोर्ट परत गठ्ठ्यात ठेवला आणि बॅग ओढून कपाटाबाहेर आणली.

प्रताप बाहेर आला तेव्हा बॅग पलंगावर उघडी होती. सगळेच ठेवतात, तो म्हणाला. मी नाही केले तर दुसरा कोणी करेल. आपल्या मुलीची, वल्लरीची शाळा, हे घर, नाशिकचा फ्लॅट कशावर चालले आहे, असेही त्याने विचारले.

“त्या दिवशी तुम्ही माझ्या टेबलावर माणसाचा सौदा केलात,” नीता म्हणाली, “आणि मी त्यावर तूप वाढलं. मला माझी किळस येतेय.”

दुसऱ्या दिवशी प्रताप तिच्या आधी निघाला. वस्तीच्या ऑफिसात तो अधिकाऱ्यांना सांगत होता की सर्वांचे पासपोर्ट त्यांच्या त्यांच्याकडे आहेत. त्याच वेळी टॅक्सीतून नीता बॅग घेऊन उतरली. रखवालदार बाईमाणसाला आत सोडेना. तेव्हा ती फाटकातूनच मोठ्याने हिंदीत बोलली की साहेबांचे सामान घरी राहिले आहे. मग त्याने सोडले. आत जाऊन तिने बॅग अधिकाऱ्यांपुढे टेबलावर ठेवली आणि हे आमच्या घरातून आणले आहे एवढेच सांगितले. प्रतापने मान वर केली नाही. एका अधिकाऱ्याने गठ्ठे मोजायला घेतले, दुसऱ्याने दारात जमलेल्या कामगारांना एकेक करून आत बोलावले. धनाजी अकरावा होता. पासपोर्ट हातात घेऊन त्याने आधी फोटो आपलाच आहे ना हे पाहिले.

धनाजी फरार असल्याचा अर्ज रद्द झाला. देशाबाहेर पडण्याच्या परवान्याला सहा आठवडे लागले, पण तो घरी गेला. इब्राहीमच्या वस्तीवर कोणी तपासणीला गेले नाही. त्याला फरार ठरवून पकडले आणि मायदेशी पाठवून दिले. त्याचा भाऊ मागेच राहिला. स्पर्धा ठरल्या दिवशी झाली, नवा नऊ नंबर खेळला, फोटो छापून आले. प्रतापची नोकरी गेली आणि महिन्याभरात तशीच दुसरी मिळाली. घरात तो नीताशी कामापुरते बोलू लागला.

चैत्रात नमिता देवधरांकडे मंडळाचे हळदीकुंकू होते. आमंत्रण जुन्या यादीवरून गेले असावे. नीता आली तशा बायका जरा सरकून बसल्या. कैरीची डाळ वाटून झाल्यावर ती उठून उभी राहिली.

“माझ्या कपाटात दुसऱ्यांचे पासपोर्ट होते,” ती म्हणाली. “तुमच्यापैकी कोणाच्या घरात आहेत?”

एकीने पदर सारखा केला. पन्ह्याचा ट्रे घेऊन नमिताताईंची कामवाली मैमुना दारात आली होती. ती बीदरची, मराठी तिला सगळे समजायचे. तिने ट्रे जमिनीवर ठेवला आणि ती नमिताताईंकडे बघत उभी राहिली.