फळ्यावरचं पत्र

जयवंत सरांच्या निवड परीक्षेला चाळीस मुलं बसली आणि चाळीसच्या चाळीस असामान्य बुद्धिमत्तेची निघाली. एवढी हुशारी विरारच्या एकट्या फुलपाड्यात कुठून उगवली, असा प्रश्न एकाही आईबापाला पडला नाही. शेजारणीचा मुलगा असामान्य निघाला असता तर शंका घेण्यात मजा होती. आपलाच निघाल्यावर कोण कशाला खोलात जातंय!

तर २००१ सालच्या मे महिन्यात ही पाचवी ते सातवीतली चाळीस रत्नं वटार गावच्या एका वाडीतल्या बंगल्यात पंधरा दिवसांसाठी डांबली गेली. 'प्रज्ञा निवासी शिबिर' असा कापडी फलक दोन माडांना बांधला होता आणि त्याखाली लिहिलं होतं, 'आम्ही पाठांतर नव्हे, विचार शिकवतो.' रोज सकाळी सहाला उठवून मुलांकडून हे वाक्य तीनदा मोठ्याने म्हणवून घेत.

हे बघून लुईझाच्या तळपायाची आग मस्तकात जायची. गिरीज गावची ही पोरगी डी.एड. होऊन दोन वर्षं घरी बसली होती. अकरा शाळांचे उंबरे झिजवून झाले होते. जूनमध्ये सर विरारला शाळा काढणार होते आणि 'शिबिर नीट पार पाडा, मिस, मग तुमचं बघू' असं म्हणाले होते. घरी तिची आई कार्मिन संध्याकाळची रोझरी संपली की पोरीच्या नोकरीसाठी वेगळी प्रार्थना म्हणायची, तीही पोरीला ऐकू जाईल एवढ्या आवाजात. म्हणून लुईझा मूग गिळून मराठी शिकवत होती. सर मुलांकडून कोड्यांची उत्तरं पाठ करून घ्यायचे, कोडं नंतर सांगायचे. ती तेही बघत होती.

त्या चाळिसांत डोकं असलेली एकच होती, क्षितिजा. वय बारा, अंगाने काडी, आणि तोंडात सदा 'पण का?' वाडीच्या विहिरीत एक कासव होतं. ते आत कसं आलं, असं तिने सरांना विचारलं. सर म्हणाले, "हे आपल्या अभ्यासक्रमात नाही." वाडी राखणारा काशीराम म्हणाला, "पानी साफ राहावं म्हनून माझ्या बापानं सोडलेलं." मग ते खातं काय, श्वास घ्यायला किती वेळाने वर येतं, हे क्षितिजाने लुईझाला विचारलं. लुईझा म्हणाली, "तूच बघ आणि मला सांग." पोरगी तीन दिवस मधल्या सुट्टीत घड्याळ घेऊन विहिरीच्या कठड्याशी बसली. लुईझाला फार बरं वाटलं. शिकवायचं ठरवलं तेव्हा तिला असंच काहीतरी हवं होतं.

शुक्रवारी सरांनी फळ्यावर पत्र लिहिलं. रविवारी पालक भेटायला येणार, तेव्हा प्रत्येकाने आपल्या हाताने लिहिलेलं मनोगत त्यांना द्यायचं होतं. मनोगत असं होतं: 'आदरणीय आईबाबा, येथे मी स्वतंत्र विचार करायला शिकत आहे. माझ्यात आमूलाग्र बदल झाला आहे. पुढील वर्षीही मला येथेच पाठवावे. आपला/आपली, (येथे स्वतःचे नाव लिहावे).' मुलांनी माना खाली घालून उतरवून घेतलं. विघ्नेश नावाच्या रत्नाने तर शेवटी 'येथे स्वतःचे नाव लिहावे' हेसुद्धा सुवाच्य अक्षरात लिहिलं. सर म्हणाले, अक्षर छान आहे.

क्षितिजाने फळ्याकडे बघितलंच नाही. तिने लिहिलं: 'आई, इथे उत्तरं आधी सांगतात. विचारलं की ओरडतात. विहिरीतलं कासव मात्र मस्त आहे. लुईझा मिस म्हणाल्या तूच बघ, म्हणून मी बघते. बाकी इथे बघण्यासारखं काही नाही.'

शनिवारी सरांनी तो कागद लुईझापुढे टाकला. आवाज चढवला नाही. "तुमचं नाव आहे यात," ते म्हणाले. "उद्या पालकांच्या हातात हे पडलं तर शाळेचं काय, मिस? आणि तुमचं काय?"

लुईझाने क्षितिजाला बाहेर व्हरांड्यात नेलं. "हे परत लिही," ती म्हणाली.

"का? यात खोटं काय आहे?"

"खोटं काही नाही गं. पण सगळं असं लिहायचं नसतं. चांगलं वाटेल असं लिही."

"कुणाला चांगलं वाटेल असं?"

लुईझाने कोरा कागद तिच्या हातात दिला. "फळ्यावरचं बघून लिही," एवढंच म्हणाली. क्षितिजा तिच्याकडे बघत राहिली. कासवाकडे बघायची तशीच, न हलता.

"फळ्यावरचं नको," ती म्हणाली. "माझं मी लिहिते."

रविवारी रिक्षा भरभरून पालक आले. फरसाण आलं, आंबे आले, मुलं किती वाळली यावर बायकांचे सुस्कारे झाले. मग सरांनी माइक फुंकून क्षितिजाचं नवं पत्र वाचायला घेतलं. कालच त्यांनी ते पाहिलं होतं आणि तेव्हापासून त्यांचे पाय जमिनीवर नव्हते.

'प्रिय आई, तू मला इथे पाठवलंस म्हणून मी तुझी जन्मभर ऋणी आहे. पूर्वी मी उगाच प्रश्न विचारायचे. आता उत्तर कधी आणि कुणाला द्यायचं ते मला कळतं. आणि खरं सांगू? मनातलं प्रामाणिकपणे लिहायला मला लुईझा मिसनीच शिकवलं.'

क्षितिजाच्या आईने, सुनंदाताईंनी, पदर डोळ्यांना लावला. चार बायकांनी त्यांचं बघून लावला. चाळीस घरच्या लोकांनी मांडव दणाणेल अशा टाळ्या वाजवल्या. "ह्या आमच्या लुईझा मिस!" सर माइकवर ओरडले. "जूनपासून आपल्या शाळेत मराठीला ह्याच!"

लुईझा उठली. पहिल्या रांगेत क्षितिजाही टाळ्या वाजवत होती, सगळ्यांसारख्याच, आणि तिची नजर मिसवरून ढळत नव्हती. त्या नजरेत राग असता तर लुईझाने सोसला असता. पोरीला आता तिच्याबद्दल काही विचारायचंच उरलं नव्हतं. लुईझाला स्वतःची इतकी किळस आयुष्यात कधी आली नव्हती.

तिने हात जोडून सगळ्यांना नमस्कार केला. टाळ्या थांबल्यावर सरांच्या जवळ जाऊन हळूच विचारलं, "सर, पहिल्या दिवशी किती वाजता येऊ?"