पंख्याकडे निघालेली म्हातारी

दार.

माझा भाऊ सोफे शिवतो. दुकानाच्या मागे त्याची एक खोली. सिगरेट तिथेच, दार लावून. शाळा सुटली की मी कामावरून येईपर्यंत माझी लेक पुढे, खिडकीजवळच्या खुर्चीत बसायची. तिला सिकलसेल. रक्तातल्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, अडकतात आणि हाडं ठणकतात.

"धूर तिकडे, पोर इकडे, मध्ये हे जाडजूड दार," दादा येईल त्या गिऱ्हाइकाला ऐकवायचा.

डॉक्टरबाई.

दुखणं या वेळी छातीत उतरलं होतं.

"घरात कोणी ओढतं?"

"नाही."

"ती जिथे बसते तिथे?"

मी दाराचं कौतुक सांगितलं. बाई हसल्या नाहीत. "पुन्हा छातीत गेलं तर निभावणं अवघड आहे."

दुकानात येऊन सांगितलं तसा दादा फणकारला. "काही सापडलं नाही की यांना सिगरेट सापडते!"

"मग ती उद्यापासून येणार नाही."

त्याने कात्री खाली ठेवली.

म्हातारी.

दुसऱ्या दिवशी तिचं सामान न्यायला आम्ही दोघी गेलो. लेक सवयीने खिडकीतल्या पंख्याखाली जाऊन बसली. शिवताना उडणारा कापूस बाहेर फेकायला तो पंखा दादानेच बसवलेला. उडत्या कापसाला लेक म्हातारी म्हणायची.

"मामा, बघ! तुझ्या खोलीतली म्हातारी निघाली!"

दाराखालच्या फटीतून कापसाचं एक पांढरं पीस आलं. फरशीवरून सरकलं. उचललं गेलं. टेबल, वही, लेकीचं नाक. पंखा. गेलं.

दादाने चिमूटभर कापूस घेतला, मागच्या खोलीत गेला, फटीशी सोडला.

त्याच वाटेने.

पुन्हा सोडला.

त्याच वाटेने.

"पंखा मीच लावला," तो बाहेर येऊन म्हणाला. "आणि धुराच्या वाटेत हिला बसवली."

नंतर.

दादाने सिगरेट सोडली. म्हणजे काय, तर चिडचिड केली, लवंगा चघळल्या, एका गिऱ्हाइकाच्या सोफ्याला कापड उलटं लावलं. मागची खोली धुऊन रंगवली, तेव्हा कुठे मी लेकीला पुन्हा पाठवू लागले. मग एका दुपारी त्याचा फोन.

"आज तिला पाठवू नकोस."

"का रे?"

"ओढली."

एवढंच. लपवता आलं असतं. त्याचे उपकार मोजायला बसले तर मी पहिला हा फोन धरेन.

दुखणं अजून येतं, ते काही पाठ सोडणारं नाही. पण छातीत पुन्हा उतरलेलं नाही. परवा डॉक्टरबाईंनी नळी लावून ऐकलं, दोनदा ऐकलं आणि म्हणाल्या, "छान." मी तशीच दुकानात गेले.

"दादा, तुझे उपकार—"

"गप गं. त्या म्हातारीचे मान."

"ती पंख्यात गेली," लेक मान वर न करता म्हणाली.

ती लिहीत होती. मागच्या खोलीचं जाडजूड दार दादाने काढलंय. चार पाय लावून आडवं केलंय. त्यावर.