पटवाऱ्याची साखर

मांजराला शुगर झाली असं रत्नम्मा कुणाला सांगायला गेली की समोरचा आधी हसायचा. लातुरात घरागणिक शुगर आहे, टपरीवर निम्मे लोक 'बिनसाखरेचा' म्हणून चहा मागतात, तेव्हा कुणी हसत नाही. मांजराला झाली की मात्र गंमत. रत्नम्माला पहिली चीड ह्याचीच होती.

मांजराचं नाव पटवारी. पिल्लू असल्यापासून गल्लीतल्या एकेका घराची पाहणी करायचा आणि मिळेल ते पदरात पाडून परत यायचा, म्हणून तिच्या नवऱ्यानंच ते नाव ठेवलेलं. नवरा वारला, मुलगा पुण्याला गेला, पटवारी राहिला. अलीकडं तो उठल्याबसल्या पाणी प्यायला लागला, अंगानं उतरला, मागचे पाय ओढत चालू लागला. जनावरांच्या दवाखान्यातल्या तनुजा डॉक्टरीणबाईंनी त्याच्या कानाला टोचून रक्त तपासलं आणि सांगितलं, सकाळ-संध्याकाळ इन्शुलिन, तेही पोटात अन्न गेल्यावरच. खायला फक्त मांजराचं डब्यातलं खाणं.

अन्न पोटात जाणार कसं? जन्मात मासळीला हात न लावलेल्या ह्या लिंगायत बाईनं नाकाला पदर लावून तो डबा फोडायचा, बशीत वाढायचं, आणि पटवाऱ्यानं एकदा हुंगून घाणीवर माती लोटावी तशी पंजानं फरशी खरवडायची. मग हिनं पुढ्यात बसून विनवण्या करायच्या. सासरी आल्यापासून हिला कुणी एवढ्या प्रेमानं 'खा' म्हटलं नव्हतं. चार घास खाऊन तो उठायचा, ही सुई टोचायची, आणि स्वारी मिशा चाटत गल्लीत. एवढं करून साखर उतरायचं नाव नाही.

"बाहेर कुठं खातोय का?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

रत्नम्मानं घरोघर जाऊन हात जोडले. रिटायर कंडक्टर हणमंतराव ओट्यावर पेपर वाचत होते. ते म्हणाले, "मला कुत्र्यामांजराचा नाद न्हाई बापा." समोरच्या कमलम्मानं तर देवाची आण घेतली. "अक्का, तुम्ही सांगितल्यावर घास तरी देईन का मी? पाप लागंल."

शेजाऱ्यापाजाऱ्यांवर विश्वास ठेवायचा नाही तर ठेवायचा कुणावर? रत्नम्मानं तसंच डॉक्टरीणबाईंना सांगितलं. बाहेर काही खात नाही म्हटल्यावर त्यांनी डोस वाढवला. एकाचे दोन युनिट झाले, दोनाचे तीन.

आणि एका सोमवारी गिरणीवरून दळण घेऊन येताना तिला दिसलं, पटवारी कमलम्माच्या ओट्यावर ऐसपैस बसलाय आणि कमलम्मा त्याच्यापुढं पेढा कुस्करतेय.

"काय करायलात, कमलाक्का?"

"परसाद हाय, सिद्धेश्वराचा. परसादानं कुठं शुगर वाढते का?"

"घास देणार न्हाई म्हणला होता तुम्ही."

"घास कुठं दिला? दारात आलेल्याला परसाद न्हाई म्हणू ने."

रत्नम्मानं दळणाचा डबा खाली ठेवला आणि पदर खोचला. मग ती जे बोलली ते कमलम्मापुरतं राहिलं नाही. पुण्य तुम्ही कमवा आणि सुया मी टोचू, तुमच्या घरचं खाऊन माझं मांजर मरायला टेकलंय, तुमच्या घरात अन्न शिजतंय का इख, इथपर्यंत तिची गाडी गेली. एकेक दार उघडत होतं आणि जो बाहेर येईल त्याला त्याचा वाटा मिळत होता. ह्या भागात माणसाला चार शिव्या द्या, संध्याकाळपर्यंत विसरेल. घरच्या अन्नाला नाव ठेवलंत तर नातवंडांना सांगून मरेल.

दुसऱ्या दिवसापासून पटवारी कुठल्याही ओट्यावर चढला की दार लागायचं. दोन दिवस त्यानं गल्लीभर बोंबलून पाहिलं. मग झक मारत बशीकडं आला आणि बशी चाटूनपुसून खाऊ लागला. झालं ते बरंच झालं, असं रत्नम्माला वाटलं. बोलल्याशिवाय लोक सरळ होत नाहीत. सुई ठरल्याप्रमाणे चालूच होती, तीन युनिट.

त्याच आठवड्यात एका दुपारी पटवारी झिंगल्यासारखा चालत आला, भिंतीला धडकला आणि आडवा झाला. अंगाला झटके येत होते. रत्नम्मानं फोन लावला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "साखर फार उतरलीय. हिरड्यांना मध चोळा आणि लगेच घेऊन या." तिनं देवाजवळची मधाची बाटली उचलली, बोटानं मध चोळला आणि रिक्षा पकडली.

दवाखान्यात सलाईन लागलं, झटके थांबले. मग डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "जेवतोय ना नीट?"

"कधी न्हवं इतकं. गल्लीत सगळ्यांनी दारं लावलीत, मग जाईल कुठं?"

"सगळ्यांनी?" डॉक्टरीणबाईंनी केसपेपर पुढं ओढला. "म्हणजे आधी सगळेच देत होते. त्या गोडधोडावर मी डोस वाढवत गेले, रत्नम्मा. गोड बंद झालं आणि डोस तेवढाच राहिला."

"मी तर सोमवारचा एक पेढाच बघितला."

"एका पेढ्यानं एवढं होत नाही. काय काय खात होता ते विचारून या. नाहीतर नवा डोस मला अंदाजानं द्यावा लागेल, आणि पुन्हा अंदाज चुकला तर हा उठायचा नाही."

पटवाऱ्याला तिथंच ठेवून रत्नम्मा गल्लीत आली आणि मधोमध उभी राहिली. हणमंतराव ओट्यावर होते, कमलम्मा दारात. काय झालं ते तिनं सगळं सांगितलं. मग म्हणाली, "खोटं बोललात ते बोललात. मग खरं वागायला कुणी सांगितलं होतं? खोटंच राहिला असता तर माझं मांजर आज उभं असतं."

हणमंतरावांनी पेपरची घडी घातली. "चहातलं बिस्कुट," ते खाली बघत म्हणाले. "रोज सकाळी. दोन."

"बंद करा म्हणून तुम्हीच तर ओरडलात," कमलम्मा म्हणाली.

"मग बंद केलं म्हणून सांगायचं एका शब्दानं."

"कसं सांगावं? बंद केलं म्हटलं की आधी देत होतो असं होतंय की."

हे ती इतक्या सरळ तोंडानं म्हणाली की रत्नम्माच्या मस्तकात सणक गेली. आण घेताना जीभ अडली नव्हती हिची, आता अब्रू आठवली. बोलायला तोंडाशी पुष्कळ आलं होतं. पण हिनं आता दार लावून घेतलं तर डॉक्टरीणबाईंना सांगणार काय? रत्नम्मानं सगळं गिळलं.

"रोज देत होता?"

"हाव."

"किती पेढे?"

"एक," कमलम्मा म्हणाली.

रत्नम्मा जागची हलली नाही.

"दोन," कमलम्मा म्हणाली. मग नजर वळवून, हळूच, "सोमवारी चार."