चटकाबाबांचे चौकोनी पाच पैसे

शेळगावच्या माळावर, पत्र्याच्या शेडमध्ये, रविवारी भर दुपारी एक पैलवान गडी "आयाई गंऽ!" करून किंचाळला आणि दोनशे माणसांनी आनंदानं टाळ्या पिटल्या. गड्यानं मूठ उघडली. मुठीतलं चौकोनी पाच पैशांचं नाणं चटका बसण्याइतकं तापलं होतं आणि त्यावर पांढरी राख उगवत होती. उगवत होती म्हणजे खरंच उगवत होती, मटकीला मोड यावेत तशी.

"जळाली! याची पीडा जळाली!" चटकाबाबा गरजले. "आता हा अंगारा दुधातून घे. वर्षभर शिंकसुद्धा येणार नाही!"

सगळ्यांनी हात जोडले. एकट्या रमाकांत बोकिलांच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि तेही भक्तीनं नव्हे.

"अहो, काय सुरेख नाणं होतं ते!" ते शेजारच्या म्हातारीला म्हणाले. "कडा शाबूत. सिंहाच्या मिशासुद्धा मोजता आल्या असत्या!"

म्हातारीनं त्यांच्याकडे पाहिलं आणि ती सुनेला घेऊन हातभर लांब सरकली.

रमाकांतराव बारामतीचे. विमा कंपनीतून निवृत्त झाल्यापासून नाणी जमवणं हा त्यांचा पूर्णवेळचा उद्योग होता. नाण्याची झीज बघून त्याची प्रत ठरवायची, ही सवय इतकी हाडीमाशी खिळली होती की पानात पोळी पडली तरी ते "उत्तम, पण डाव्या कडेला टवका" असा शेरा मारत. लग्नाच्या फोटोतल्या स्वतःला त्यांनी "बरंच वापरलेलं, तपशील अस्पष्ट" अशी प्रत दिली होती. इंदापूरच्या भंगारवाल्या गोकुळनं त्यांना सांगितलं, की चौकोनी पाच पैसे आता मिळायचे नाहीत, सगळे शेळगावचा बाबा उचलतो आणि जाळतो. जाळतो! रमाकांतरावांनी त्या रात्री जेवण टाकलं आणि सकाळची पहिली एसटी पकडली. बाबाचा भोंदूपणा उघडा पाडणं वगैरे त्यांच्या मनात नव्हतं. नाणी वाचवायची होती.

"भक्तांनो, पाचच पैसे का?" बाबांनी विचारलं आणि उत्तरही स्वतःच दिलं. "पंचमहाभूतं पाच! चौकोनी का? दिशा चार! आणि रुपया का नाही? रुपयात लोभ असतो. पाच पैशांत आज काहीच येत नाही, म्हणून त्यात लोभ उरत नाही!"

हेच निर्लोभी पाच पैसे दाराशी टोपलीतून एकावन्न रुपयांना विकले जात होते. रमाकांतरावांनी त्यातले वीस आधीच सोडवून खिशात घातले होते.

एक गोष्ट मात्र त्यांना बाबांची आवडली. बाबा नाण्याला बोट लावत नव्हते. काडीला कापूस गुंडाळायचा, बाटलीतल्या तीर्थात बुडवायचा आणि नाण्यावरून दुरूनच फिरवायचा. नाण्याच्या तोंडावर बोटं उमटवणारा माणूस रमाकांतरावांच्या लेखी रानटी. 'भोंदू असेल, पण हाताळणी उत्तम,' त्यांनी मनात नोंद केली. शिष्य मात्र प्रत्येक नाणं आधी वाळूनं खसाखसा घासून 'शुद्ध' करत होता. ते पाहून त्यांना गरगरायला लागलं.

मघाच्या म्हातारीचा नंबर आला. म्हाळसाबाई तिचं नाव. सून सुकन्या, सातवा महिना.

"मागल्या दोन खेपंला पोर हाताला लागलं न्हाय, बाबा," म्हाळसाबाई हात जोडून म्हणाल्या. "ह्या खेपंला तरी..."

"सासूनं नाणं धरायचं, सुनेनं अंगारा घ्यायचा," बाबा म्हणाले. शिष्यानं पातेल्यावरचं झाकण काढून पेल्यात दूध ओतलं.

"आत्याबाई, डॉक्टरीणबाईंनी सांगितलंय, इचारल्याबिगर कायबी खायाचं न्हाय," सुकन्या हळूच म्हणाली.

"गप ऱ्हा. माझं काळीज मलाच ठावं."

म्हाळसाबाईंनी कनवटीचं नाणं काढलं. त्यांच्या सासूनं देव्हाऱ्यात ठेवलेलं, घरचं. शिष्यानं चौकोनी आकार पाहिला आणि वाळू उचलली.

"घासू नकोऽऽ!" रमाकांतराव असे ओरडले की शेडवरची कबुतरं उडाली. "पासष्ट सालचं आहे ते! हातात धरून बघ, किती जड आहे! मावशी, याच्या बदल्यात माझी वीस घ्या!"

"देवाचं हाय ते. सरका तिकडं!"

खसाखसा आवाज झाला. रमाकांतरावांनी डोळे मिटून घेतले. काडी फिरली. म्हाळसाबाईंनी मूठ वळली. एक मिनिट गेलं, दोन गेली, पाच गेली.

"तापतंय का?" बाबांनी विचारलं.

"न्हाय, बाबा. गार हाय."

बाबांनी पुन्हा काडी फिरवली. नाणं गारच. गर्दी कुजबुजू लागली. बाबांचा चेहरा क्षणभर पडला, मग त्यांनी सुकन्येकडे बोट रोखलं.

"नाणं खोटं बोलत नाही! दोष सुनेच्या पोटात आहे. हिला आता एकवीस दिवस दुसऱ्यांचा अंगारा द्यावा लागेल. आण रे मघाचा!"

शिष्यानं पैलवानाच्या नाण्याची उरलेली राख दुधात टाकली. सुकन्या पांढरी फटक पडली. म्हाळसाबाई तिच्याकडे अशा बघायला लागल्या, की जणू ती कुणी परकी होती.

रमाकांतरावांना आयुष्यात पहिल्यांदा नाण्याशिवाय कशाचा तरी राग आला. भयंकर आला.

"दोष पोटात नाही, नाण्यात आहे!" ते पुढे घुसले. "अहो, हे नाणं जुनं, तांबं-निकेलचं. सदुसष्टपासून सरकारनं आकार तोच ठेवला आणि धातू बदलला. तुमच्या टोपलीतली सगळी ॲल्युमिनियमची आहेत. बाबा, तुम्ही नाणं हातात घेतलं असतंत तर वजनावरून कळलं असतं. पण तुम्ही बोटच लावत नाही!"

"ॲल्युमिनियम म्हंजी जर्मन?" सुकन्येनं विचारलं. तिची नजर दुधाच्या पातेल्याच्या झाकणावर गेली होती. "आन् जर्मनच तापतंय? मंग काका, ते झाकणबी जर्मनचंच हाय. नुकतंच तारेनं घासल्यालं दिसतंय. लावा की त्याला तीर्थ!"

बाबा बाटली लपवायला वळले, पण त्यांच्यामागे पैलवान उभा होता. रमाकांतरावांनी खिशातून नाणी उचलायचा चिमटा काढला, बाबांची तीर्थात भिजलेली काडी चिमट्यात धरली आणि झाकणावर एक फराटा ओढला.

दोनशे माणसं झाकणाकडे बघत बसली. मिनिटाभरात फराटा करडा झाला. मग त्यातून पांढरी राख फुटली, वाढली, आणि झाकणाला चक्क दाढी आली. पैलवानानं खालून बोट लावलं आणि पुन्हा "आयाई गंऽ!" केलं.

"आता ह्या झाकणाला कसली पीडा हुती?" सुकन्या म्हणाली. "का त्येच्याबी पोटात दोष हाय?"

शेड हसून हसून दणाणलं. रमाकांतरावांनी तेवढ्यात बायकोला, श्यामलाबाईंना, फोन लावला. तीस वर्षं रसायनशास्त्र शिकवलेल्या बाई. सगळं ऐकल्यावर त्यांचा आवाज स्पीकरवरून चढला.

"अहो, तो पाऱ्याचा क्षार असणार! घासल्यामुळे वरचा थर जातो, मग पारा ॲल्युमिनियमला पोखरतो. हवा लागली की ते तापतं आणि त्याची भुकटी होते. धातू बदला, चमत्कार बंद! आणि ते विष आहे, कळलं? दूध कुणालाही देऊ नका. नाणी धरलेल्या सगळ्यांनी साबणानं हात धुवा. ज्यांनी खाल्लंय, त्यांना आत्ताच्या आत्ता सरकारी दवाखान्यात न्या!"

हसू जागच्या जागी थांबलं. दोघातिघांनी जीप काढली, कुणी पोलिसांना फोन केला. पैलवानानं आधी हात धुतले, मग बाबांना बखोटीला धरलं.

रमाकांतराव टोपलीजवळच्या खुर्चीवर चढले. भाषणाची त्यांना सवय नव्हती.

"हे बघा, मी काही फार शहाणा नाही. मीही इथे नाणीच वाचवायला आलो होतो. पण एवढं सांगतो. हात जोडण्याआधी वस्तू हातात मागा. याच नाण्याला का होतं, दुसऱ्याला का नाही, असं विचारा. जो विचारू देत नाही, त्याच्यापाशी लपवण्यासारखं काहीतरी आहे. आणि एखाद्या मुलीच्या पोटात काय आहे, ते पाच पैशांना कळत नाही."

म्हाळसाबाई हात धुऊन आल्या. त्यांनी दुधाचा पेला उचलला आणि लांब खडकावर नेऊन ओतला. परत आल्या तेव्हा त्या रडत होत्या. सुकन्येशेजारी खाली बसल्या.

"सुकन्ये," त्या म्हणाल्या, "डॉक्टरीणबाई काय म्हणती? बाळ बरं हाय का? सात महिनं झालं, म्या इचारलंच न्हाय बघ."

"बरं हाय, आत्याबाई," सुकन्या म्हणाली. "ठोकं ऐकवत्यात तितं. मंगळवारी तुमीबी चला."