खुब्यातला गोळा

“ह्ये तुमचं तुमी घ्या, आन् आमचं आमाला द्या.”

बाळासोंनी पिशवीतून काळवंडलेला धातूचा गोळा काढून टेबलावर ठेवला. क्रांती सिस्टरांनी तो लगेच ओळखला. उंब्रजच्या रंगूबाईंच्या खुब्यात आठ महिन्यांपूर्वी बसवलेला. तेव्हा काढलेलं हाड म्हातारीने दवाखान्याला दान दिलं होतं. परवा ती गेली आणि आज सकाळी राख सावडताना हा गोळा हाती लागला.

“म्हंजी आईचा खरा गोळा हितंच हाय,” बाळासो म्हणाले. “हंबीरकाका संगमावर थांबल्यात. एक हाड कमी ठिवून अस्थी सोडायच्या न्हाईत म्हनत्यात. मलाबी तिला अर्धी पाठवायची न्हाई.”

कराडच्या त्या दवाखान्यातली दानाची हाडं क्रांतीबाई सतरा वर्षं सांभाळत होत्या. फ्रीजरचा उणे ऐंशीचा आकडा त्यांना झोपेतही सांगता येई. घरच्या फ्रीजमध्ये दूध आहे का, हे मात्र नवऱ्याला विचारावं लागे. कागदावर सही आहे, एवढं बोलून त्यांना हात झटकता आले असते. पण आपल्या आईची राख त्यांनीही सावडली होती. त्यांना भडभडून आलं.

“हाड हाय अजून,” त्या म्हणाल्या. “उद्या एकाच्या पायात घालायचंय. तुमी हट्टच धरला तर डॉक्टरांना विचारून परत दिऊ. पर एक ऐका. दान दिल्यावर सहा महिन्यांनी रक्त पुन्ना तपासावं लागतं. न्हाईतर हाड टाकून द्यायचं. त्या तपासणीला आजी आल्या हुत्या.”

“कुनासंगं?”

“एकट्याच. काठी टेकत, एसटीनं. म्हटलं, आवं आजी, फोन करायचा, माणूस धाडला असता घरी. तर म्हणाल्या, दिलेलं वाया जाईल म्हणं, म्हणून आले.”

“आमाला बाजारला जाते म्हनली हुती,” बाळासो पुटपुटले.

मग त्यांनी विचारलं, “कुनाला घालनार?”

“नाव सांगता येत न्हाई.”

“चालंल का त्यो?”

“दोन वर्षं झोपून हाय. हाड धरलं तर चालंल.”

बाळासोंनी डोळे पुसले आणि फोन लावला.

“काका, येतोय मी. अस्थी सोडूया.” पलीकडून चुलत्यांनी काहीतरी विचारलं. “न्हाई, हाड आनत न्हाई. आईचं वाईच काम ऱ्हायलंय हितं.”