मर न लागलेली झाडं

अण्णा ठरल्या वेळेच्या तासभर आधीच लॅबच्या फाटकाशी येऊन उभे होते. इस्त्रीचा शर्ट, पायात बूट. अठ्ठ्याहत्तरातली साठ वर्षं रोपवाटिकेच्या चिखलात अनवाणी काढलेल्या माणसाने बूट घालणं म्हणजे केवढी गोष्ट!

"मुंगे, उशीर नाही ना झाला?" त्यांनी विचारलं. पन्नाशीला टेकलेल्या बाईला मुंगी म्हणणारा हा एकच बाप जगात उरला होता.

"नाही अण्णा. झाडं कुठे पळून जातायत?" ती म्हणाली, आणि तिला स्वतःचाच राग आला. झाडं आज जाणारच होती. ती मारायची होती, आणि त्याआधी अण्णांना एकदा बघायची होती.

ती कॉलेजात असताना अण्णांची डाळिंबांची बाग गेली. मर रोग. आज एक फांदी पिवळी, पंधरवड्यात अख्खं झाड उभ्या उभ्या वाळलेलं. अण्णा मुळं उपसून जाळत होते आणि धाय मोकलून रडत होते. तिथेच ही म्हणाली, "मर न लागणारं झाड मी करून दाखवीन." त्या वयात माणूस काय वाट्टेल ते बोलतं. पण ही पोरगी महाचिवट! पदवी, पीएचडी, मग दोन-दोन वर्षांच्या तात्पुरत्या नोकऱ्या. दर वेळी नवं शहर, नवी खोली, खोक्यात बांधलेली तीच पुस्तकं. लग्न राहिलं ते राहिलंच. रानडाळिंबातलं मर रोखणारं जनुक शोधण्यात सात वर्षं गेली आणि ते बागेतल्या डाळिंबात घालण्यात नऊ. बाटलीत रोप वाढवताना तर नाकी नऊ आले. नखाएवढं पान यायचं आणि काळं पडायचं. शेवटी एक्केचाळीस रोपं जगली. रोगट मातीत ती दोन वर्षं उभी होती, आणि एकालाही मर लागली नाही.

मग पत्र आलं. संस्थेचे अग्रक्रम बदलले, प्रकल्प बंद, महिनाअखेरीस तिची नोकरीही बंद. जनुक बदललेली झाडं इमारतीबाहेर न्यायची नाहीत, सांभाळणारं कोणी नसेल तर वाफेच्या मशीनमध्ये घालून मारायची, असा नियम. दुसऱ्या संस्थांना तिने पत्रांवर पत्रं धाडली, पण कोणी हो म्हटलं नाही. आणि हा नियम लिहिणाऱ्या समितीत, बघा, ती स्वतः होती.

ग्रोथ रूममधल्या पांढऱ्या उजेडात अण्णा कुंड्यांपुढे थबकले.

"माती कुठली गं?"

"आपल्याच बागेतली. मर लागलेली."

अण्णांनी मातीत बोट घातलं, वास घेतला आणि लहान पोरासारखे हसले. "आणि तरी जगली की! मुंगे, जगली की गं!" हसता हसता त्यांचे डोळे भरून आले. मग हळूच म्हणाले, "एक दे ना मला."

"नाही देता येत, अण्णा."

"अगं, वाटिकेच्या मागे लावतो. कोण बघतंय?"

"फुलं आली की पराग कुठे जाईल, त्याने काय होईल, हे तपासायचंच राहिलंय. त्याआधीच बंद केलं त्यांनी."

ती झाडं कापून जाड पिशव्यांत भरू लागली, अण्णाही मदतीला लागले. मध्येच ती वळली तर म्हातारा पॅंटचा खिसा सारखा करत होता.

नोंद झाडांची होती, लावायला कापलेल्या काड्यांची नव्हती. कुणाला कळलंही नसतं. पण सोळा वर्षांत तिने एक आकडा खोटा लिहिला नव्हता.

"अण्णा, खिसा," ती म्हणाली.

त्यांनी ओल्या रुमालात गुंडाळलेली बोटभर काडी काढली आणि खाली बघत तिच्या हातावर ठेवली. जन्मात कुणी चोर म्हटलं नव्हतं त्यांना, आणि ते आज पोटच्या पोरीने केलं. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. काडी पिशवीत गेली, पिशव्या मशीनमध्ये गेल्या. तिने बटण दाबलं.

आणि तेव्हा तिच्या डोक्यात आलं, की अण्णा कधीच एक काडी घेत नाहीत. एक नाही लागली तर, म्हणून दोन. तिने ते विचारलं नाही. उभ्या आयुष्यात पहिल्यांदाच तिने मुद्दाम काही तपासलं नाही. सोळा वर्षांचा खरेपणा तिने मुकाट्याने बाजूला ठेवला आणि म्हणाली, "चला, गाडी चुकेल तुमची." त्यांना अक्षरशः पळवतच तिने फाटकापाशी आणलं. जा ना अण्णा, लवकर जा. दुसरं काहीच सुचत नव्हतं तिला.

फाटकाबाहेर पाऊल टाकून अण्णा थांबले. खाली वाकून त्यांनी बूट काढला, मोज्यात बोटं घातली.

"ही पण घे," ते म्हणाले. "तुला माहीत नव्हतं. पण सगळं मारलं म्हणून तू सही करणार, आणि माझ्यापायी ती खोटी व्हायची. नको गं बाई."

"अण्णा..." असू दे, म्हणायचं होतं तिला. अहो, असू दे ना.

"तुझंच बरोबर आहे," म्हणत त्यांनी तिची मूठ मिटली, बूट चढवला आणि ते मागे न बघता निघाले.

मशीन एव्हाना मध्यावर होतं, दार उघडता येत नव्हतं. ती बाहेर बाकावर मूठ मिटून थांबली. मग एका काडीसाठी तिने ते पुन्हा लावलं.